चार्जर लावला की मिक्सर घुमतो

बुवांनी दुसरा अभंग संपवला, माइकवर तळहात ठेवला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "पंचम उतरलाय. मघापासून सांगतोय, कुणी लक्षच देत नाही."

मी तानपुरा पुन्हा लावला. ते म्हणाले, उतरलाय. तिसऱ्यांदा लावायला घेतला तेव्हा पखवाजवाल्या काकांनी घड्याळाकडं बघितलं. भजन लाइव्ह चालू होतं. पुण्याची, बेळगावची, एक-दोन दुबईची माणसं ऐकत होती, आणि त्यांतल्या एकानं खाली लिहिलं, "मागं कुणीतरी मिक्सर लावलाय काय?" त्याला चटणी वाटायचा मिक्सर म्हणायचा होता. पण तो चुकला नव्हता.

आमचं मंडळ सांगलीच्या गावभागात एका जुन्या वाड्यात बसतं. २०२० च्या टाळेबंदीत भजन मोबाइलवरून दाखवायला सुरुवात झाली, मोबाइलच्या माइकमध्ये पखवाजाशिवाय काहीच ऐकू येईना, म्हणून छोटा मिक्सर घेतला. दोन माइक, एक स्टिरिओ लाइन, मागं यूएसबी. शबनम पिशवीत मावतो. यूएसबीची वायर लॅपटॉपला जोडायची. तिच्यातूनच त्याला वीज मिळते आणि तिच्यातूनच आवाज लॅपटॉपमध्ये जातो. दुसरी वायर खोलीतल्या ॲम्प्लिफायरला. एवढीच जोडणी. मिक्सर कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. कुठल्याही कंपनीचा आणून असाच जोडलात तर हेच होईल.

बुवांच्या तक्रारीवर मी जो उपाय केला तो आधी सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. तानपुरा गवसणीत घातला आणि मिरजेला सतारमेकर गल्लीत नेला. दुकानातल्या चाचांनी तारा छेडल्या, कान लावला, पुन्हा छेडल्या. म्हणाले, "यात काय झालंय? मिक्सर बंद करून ऐकलासा काय कधी?" मी म्हटलं, तुम्ही जवारी तेवढी करून द्या, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद खुलवून द्या. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पिढ्यान् पिढ्या त्या गल्लीत हेच काम चालतं, आणि तिथल्या माणसाचं न ऐकता मी पैसे मोजून जवारी करून आणली. पुढच्या गुरुवारी पंचम तिथंच. उतरलेला.

उलगडा झाला तो योगायोगानं. भजनाआधी पेटीशी पट्टी जुळवायला मोबाइलवर ट्यूनर उघडून ठेवला होता. तानपुरा अजून गवसणीतच होता, कुणी गात नव्हतं, पेटीचा भाताही बंद, आणि ट्यूनरचा काटा पांढरी पाचवर, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर, स्थिर उभा. अगदी वर नाही, ३५ सेंट पुढं (एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत शंभर सेंट). खाली आकडा होता १०० हर्ट्झ.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ती आवाजाच्या वायरीत शिरली की ५० ऐकू येते, आणि तिच्यासोबत १००, १५०, २०० असे तिचे सगळे नातेवाईक येतात. आमच्या स्पीकरबॉक्सला ५० झेपतच नाही, त्यामुळं कानावर पडते ती १०० ची घूं. आता बुवांची पट्टी काळी एक. तिथला षड्ज १३८.६ हर्ट्झ, त्याचा खर्जातला पंचम १०४ च्या किंचित आत. म्हणजे तानपुऱ्याची पहिली तार १०४ वर बोलतेय आणि तिच्या शेजारी बॉक्समधून कुणीतरी १०० वर सतत बोलतंय. चारचा फरक, म्हणून सेकंदाला चार हेलकावे. त्या हेलकाव्यांनाच बुवा "उतरलाय" म्हणत होते, आणि त्यांचा कान बरोबर होता. पंचम उतरलेलाच होता. फक्त तो तानपुऱ्याचा नव्हता, विजेचा होता.

तुमची पट्टी वेगळी असेल तर हीच घूं वेगळ्या जागी खुपेल. काळी चारला गाणाऱ्या ताईंना ती उतरलेल्या षड्जासारखी वाटेल, म्हणजे आणखी वाईट. १५० ची घूं काळी एकला कोमल ऋषभाच्या जवळ जाते, तीही चढी, तेव्हा भैरव गाणाऱ्यांनीसुद्धा खूश होऊ नये. सांगायचं एवढंच की सूर बिघडल्याची तक्रार आली तर वाद्य दुरुस्तीला नेण्याआधी सगळी वाद्यं शांत ठेवून ट्यूनर बघा. काटा पांढरी पाच आणि काळी चारच्या मध्ये कुठंतरी घट्ट उभा राहिला तर वाद्याला हात लावू नका.

मी लॅपटॉपचा चार्जर उपटला. घूं गायब. इतकी स्वच्छ शांतता की वाड्यामागच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. त्या दिवशी मला वाटलं, विषय संपला. पन्नासाव्या मिनिटाला लॅपटॉप मिटला आणि लाइव्हसुद्धा संपलं.

पुढचे चार-पाच महिने मी या एका घूंच्या मागं होतो. ती जायची आणि परत यायची. एका ठिकाणी चाललेला उपाय दुसऱ्या ठिकाणी उलटा पडायचा. शेवटी लक्षात आलं की आजार एक नाही, दोन आहेत. आवाज सारखा, कारणं मात्र एकमेकांच्या विरुद्ध. एक जास्त अर्थिंगमुळं होतो, दुसरा अर्थिंग नसल्यामुळं. आमच्या एकाच वाड्यात दोन्ही होते, कारण २०१९ च्या महापुरात खालच्या सोप्यात पाणी शिरलं, सगळं वायरिंग नवीन करावं लागलं, तीन पिनांचे होल्डर आले, अर्थिंगचा खड्डा झाला. माडीवर पाणी पोचलं नाही, म्हणून माडी अजून आजोबांच्या काळातल्या दोन पिनांवर चालते.

खालचा आजार आधी घेतो. लॅपटॉप पूर्वेच्या भिंतीला लावलेला, त्याच्या चार्जरला तीन पिना. ॲम्प्लिफायर देवघराजवळ, त्यालाही तीन पिना. दोघांनाही अर्थिंग आहे, म्हणजे सगळं नियमाप्रमाणं. पण बऱ्याच लॅपटॉपच्या चार्जरमध्ये ती अर्थिंग आतल्या बाजूला डीसीच्या निगेटिव्हपर्यंत पोचलेली असते. तिथून ती यूएसबीच्या वायरीतून मिक्सरमध्ये येते, मिक्सरमधून आवाजाच्या वायरीच्या जाळीतून ॲम्प्लिफायरमध्ये, आणि ॲम्प्लिफायरच्या पिनेतून परत भिंतीत. असा गोल फेरा तयार होतो. दोन भिंतींतल्या अर्थिंगमध्ये काही मिलिव्होल्टचा जरी फरक असला तरी त्या फेऱ्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरत राहतो. साध्या पी-३८ च्या, म्हणजे जाड गोल पिनेच्या, मोनो वायरीत दोनच तारा असतात, मधली आवाजाची आणि भोवतीची जाळी. आवाजाचा परतीचा रस्ता जाळीतूनच. त्याच जाळीतून हा आगंतुक फिरतो, म्हणून ॲम्प्लिफायरला दोघांतला फरक कळत नाही. तो दोघांनाही मोठं करतो.

माडीवरचा आजार वेगळा. तिथं आम्ही तालमीला बसतो, ॲम्प्लिफायर नसतो, हेडफोन आणि लॅपटॉप एवढंच. इलेक्ट्रॉनिक तानपुरा ॲडॉप्टरवर. भिंतीत अर्थिंग नाहीच. चार्जरच्या आत विजेचा कचरा गाळायला छोटे कपॅसिटर असतात. गळती जमिनीत सोडायला त्यांना अर्थिंग लागते, आणि ती न मिळाल्यानं लॅपटॉपचा सगळा धातू निम्म्या व्होल्टेजच्या आसपास तरंगत राहतो. हाताला मुंग्या आल्यासारखी झिणझिण लागते ती हीच. प्रवाह अगदी किरकोळ, पण मिक्सरला गाठायला पुरेसा. माइकच्या लोखंडी जाळीला हात लावला की घूं कमी होते, सोडला की वाढते, कारण तेवढा वेळ गळती तुमच्यातून जमिनीकडं जाते. आमची एक भगिनी तालमीत माइक दोन्ही हातांनी धरूनच गाते. सगळ्यांना वाटायचं भक्तिभाव. तिनं सांगितलं, "सोडला की घूं येते, मग काय करू?"

म्हणून काहीही विकत आणण्याआधी तुमच्याकडं कुठला आजार आहे तो ओळखा. मी ज्या क्रमानं शोधतो तो असा.

ॲम्प्लिफायर बंद करा आणि हेडफोन थेट मिक्सरला लावा. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते बटण, नेहमीच्या जागी, माइक बंद करू नका. हेडफोन स्वच्छ आणि ॲम्प्लिफायर चालू केल्यावरच घूं, तर दोष मिक्सर ते ॲम्प्लिफायर या वायरीवर फिरतोय. खालचा आजार, फेरा. लाइव्हमध्येही घूं ऐकू येते म्हणून इथं बरेच जण फसतात. मीही फसलो होतो. लाइव्हमध्ये ती यूएसबीतून येत नव्हती, बॉक्समधली घूं समोरचे माइक उचलत होते. बॉक्स बंद ठेवून एक मिनिट रेकॉर्डिंग करून बघा, कळेल.

हेडफोनमध्येच घूं असेल तर एकेक वायर काढत जा. आधी इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा कीबोर्डची लाइन, मग माइक, शेवटी चार्जर. वायर काढताना त्या चॅनेलचा आवाज खाली करा, नाहीतर कानात दणका बसतो. जी काढल्यावर शांत होतं ती वायर लक्षात ठेवा, पण लगेच तिलाच दोषी धरू नका. फेरा किंवा गळती दोन वस्तूंच्या मध्ये असते. एक काढली तरी थांबते, दुसरी काढली तरी थांबते. मी तीन वायरी उगाच बदलल्या त्या याच समजापायी.

मग स्पर्शाची परीक्षा. त्याआधी मिक्सरच्या आणि लॅपटॉपच्या धातूला टेस्टर लावून बघा. मिणमिणता पेटला तर गळती असू शकते. भगभगीत पेटला, किंवा झिणझिणीच्या पुढं जाऊन खरा झटका लागला, तर तिथंच थांबा, मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. ते आवाजाचं काम राहिलं नाही. मिणमिणता असेल तर बोटाच्या मागच्या बाजूनं हलकेच स्पर्श करा. घूं बदलली की माडीवरचा आजार. काहीच फरक पडला नाही की बहुधा फेरा.

फेऱ्यावरचा पहिला उपाय फुकट आहे. सगळं एकाच बोर्डवर घ्या. लॅपटॉप, ॲम्प्लिफायर, कीबोर्ड, सगळं एकाच तीन पिनांच्या एक्स्टेंशन बोर्डवर आणि तो बोर्ड एकाच होल्डरमध्ये. भार किती होईल याची भीती वाटते, पण ६ ॲम्पिअरचा होल्डर २३० व्होल्टवर तेराशे वॅटच्या पुढं जातो. लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॅटचा, मिक्सर नावापुरता, मंडळाचा लहान ॲम्प्लिफायर काही शे वॅटचा. भागतं. इस्त्री आणि गीझर त्याच बोर्डवर लावला नाही म्हणजे झालं. दोन अर्थिंगमधला फरक यानं जवळजवळ संपतो. आमच्याकडं घूं निम्म्याहून कमी झाली. पूर्ण गेली नाही, पण बुवा थांबले नाहीत.

उरलेली घालवायला वायर बदलली. मिक्सरचं आउटपुट बॅलन्स्ड असेल तर पी-३८ स्टिरिओ पिन ते तीन पिनांचा एक्सएलआर अशी वायर करून घ्या. तिच्यात आवाजाला दोन स्वतंत्र तारा असतात, जाळी फक्त पांघरुणाचं काम करते. समोर ॲम्प्लिफायरला बॅलन्स्ड इनपुट हवं, नुसतं दिसायला एक्सएलआर असून चालत नाही. आणि एका टोकाला मोनो पिन लावलीत तर सगळी मेहनत पाण्यात. दुकानात सांगताना "दोन काळ्या रिंगांची पिन" असं सांगा. एक रिंग म्हणजे मोनो, दोन म्हणजे स्टिरिओ किंवा बॅलन्स्ड.

ॲम्प्लिफायरला तसं इनपुटच नसेल तर मधे १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, ज्याला दुकानात लाइन आयसोलेटर किंवा ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणतात. तांब्याच्या दोन वेगळ्या गुंडाळ्या, मधे धातूची जोडणी नाही, आवाज चुंबकातून पलीकडं जातो आणि फेरा तुटतो. मोटारीच्या टेपला लावायचे चिमुकले मिळतात, तेही घूं घालवतात, पण त्यांचा गाभा लहान. मोठा खर्ज आला की गाभा भरून जातो आणि पखवाजाची धुमाळी टिनच्या डब्यासारखी ऐकू येते. भजनाला नाही चालत. डीआय बॉक्सही तेच काम करतो, वर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. पण साधा डीआय बॉक्स आवाज माइकइतका बारीक करून देतो, तेव्हा तो समोरच्या माइक इनपुटला जोडायचा, लाइनला नाही.

यूएसबीवरच फेरा तोडणारे यूएसबी आयसोलेटर मिळतात. ते मी मागवून बघितले, आणि मिक्सर चालूच झाला नाही. स्वस्तातले बहुतेक १२ मेगाबिटच्या वेगापुरते असतात आणि पलीकडं वीजही जेमतेम देतात. यूएसबीवर जगणाऱ्या, यूएसबी २.० चा ४८० मेगाबिटचा वेग मागणाऱ्या मिक्सरला ते पुरत नाहीत. घेण्याआधी मिक्सरच्या माहितीपत्रकात वेग आणि मिलिॲम्पिअर बघा.

आणि आता जे करू नका ते. मंडपवाले सर्रास एक युक्ती करतात. चार्जरच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या प्लगची जाड पिन तोडायची, किंवा तिला चिकटपट्टी गुंडाळायची. घूं जाते, हे खरं. अर्थिंगच गेली तर फेरा कुठला राहणार? पण उद्या ॲम्प्लिफायरच्या आत फेज सुटून बॉडीला लागली तर ती वीज जाळीतून मिक्सरला, मिक्सरमधून माइकच्या धातूला आणि तिथून ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसात. बुवा आंघोळ करून ओलेत्यानंच देवापुढं बसतात. आमच्या मंडळात मी हा नियम केला आहे की पिन तोडलेला प्लग दिसला तर त्या दिवशी लाउडस्पीकर नाही. दोन-तीनदा वाद झाला, होऊ दे. वाड्यात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे काय तेही बघून ठेवा. गळती झाली तर तो वीज तोडतो.

माडीवरच्या आजाराला मात्र फेरा तोडायच्या वस्तूंचा उपयोग नाही. मी आयसोलेटर तिथंही लावून बघितला, घूं तशीच. तिथं हवी अर्थिंग, आणि ती वायरमनकडून. आम्ही खालच्या अर्थिंगच्या खड्ड्यातून एक हिरवी वायर माडीवर ओढून घेतली, एकच तीन पिनांचा होल्डर केला आणि त्यावरच सगळं लावायचं ठरवलं. त्या संध्याकाळी माइक धरून गाणाऱ्या भगिनीनं माइक सोडला तरी घूं आली नाही. त्याआधी एकानं नळाला वायर गुंडाळायचा सल्ला दिला होता. पूर्वी लोखंडी नळ जमिनीत जायचे तेव्हा त्याला काहीतरी अर्थ होता. आता नळ पीव्हीसीचे, त्यात अर्थिंग कुठली? दुसरा एक सल्ला होल्डरच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून टाकायचा. तो ऐकला आणि वर कुठं न्यूट्रल तुटली, तर मिक्सरचं सगळं अंग जिवंत होतं. नको.

अर्थिंग होईपर्यंत काय करायचं? लॅपटॉप बॅटरीवर. आणि भजन लांबणार असेल तर लॅपटॉप काढूनच टाका. आता बरेच छोटे मिक्सर थेट मोबाइलला जुळतात, मिक्सरला पॉवर बँकेवरून वीज देता येते, आणि भिंतीशी काही संबंधच उरला नाही की दोन्ही आजार संपले. औदुंबरला दत्ताच्या देवळात आम्ही असंच करतो. एक अडचण येते. पॉवर बँकेला वाटतं की फारच कमी वीज घेतली जातेय, म्हणजे फोन भरला, आणि ती स्वतःहून बंद होते. भजनाच्या मधेच. घरी तासभर चालवून बघितल्याशिवाय नेऊ नका. मोबाइलला हेडफोनच्या ईपी भोकातून आवाज देत असाल तर पिन तीन रिंगांची, चार भागांची हवी, आणि मिक्सरचा लाइन आवाज त्या भोकाला झेपत नाही, तिथं माइकची अपेक्षा असते. मधे आवाज उतरवणारी वायर घ्या, नाहीतर सगळं फाटलेलं जातं.

घूं लॅपटॉपमध्ये गाळून टाकता येत नाही काय, असं मला विचारतात. येते, पण ती नेमकी १०० वर आहे, तिथं चाकू चालवला की शेजारच्या १०४ लाही लागतो, आणि डग्ग्याची गोलाई जाते. आवाज स्वच्छ करणारी ॲप्स तर आणखी धोक्याची. एकसारखा वाहणारा आवाज म्हणजे कचरा, असं त्यांना शिकवलेलं असतं. तानपुऱ्याइतकं एकसारखं दुसरं काय वाजतं? झूमवर शिकवणी घेणाऱ्यांचा तानपुरा पलीकडं पोचतच नाही तो यामुळं. तिथं सेटिंगमध्ये ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स चालू करावं लागतं. मिक्सरवरच्या ८० हर्ट्झच्या कटनंही काही होत नाही, १०० त्याच्या वर आहे.

गेनचं एक. मिक्सरचा मास्टर खाली आणि ॲम्प्लिफायर फुल, अशी सवय बऱ्याच मंडळांत असते. मग मधल्या वायरीतला कचरा ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीनं ओरडून सांगतो. मास्टर शून्याच्या खुणेवर ठेवा, ॲम्प्लिफायर खाली आणा. मोठ्यात मोठा आवाज लॅपटॉपच्या मीटरवर −६ डीबीच्या खाली राहील इतका गेन पुरे.

घूंचे चुलतभाऊ पण असतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोनवर ठेवला की खरखरीत झरझर येते, पाचवर नेला की जाते. आम्ही आता पंखा पाचवर नाहीतर बंद. वळवाच्या पावसात वीज गेली आणि इन्व्हर्टर चालू झाला की घूं अचानक करवतीसारखी होते. तो स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर, साइन वेव्हवाल्याला हा त्रास नाही. गणपतीतल्या स्वस्त एलईडी माळांबद्दल बोलत नाही, त्या आवाजाच्या वायरीपासून लांब न्या एवढंच. घूं नसून बारीक "कीं" असेल आणि माउस हलवला की बदलत असेल, तर ती यूएसबीच्या विजेतली. लॅपटॉपचं दुसरं भोक वापरून बघा, हब मधून काढा, वायर आखूड घ्या.

सूर खरोखरच बदलतो अशी एकच जागा मला माहीत आहे, आणि तिचा अर्थिंगशी संबंध नाही. मिक्सर ४८ किलोहर्ट्झवर आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ४४.१ वर असं राहिलं आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नाही, तर रेकॉर्डिंग सगळंच पेटीच्या दीड पट्टीच्या जवळपास खाली सरकतं. काळी एकचा अभंग पांढरी एक आणि तिच्या खालच्या पांढरी सातच्या मधे कुठंतरी. एकदा झालं होतं. ऐकून बुवा म्हणाले, "हा कोण गातोय?" दोन्हीकडं ४८ ठेवा.

आणि लाइव्हमध्ये आपलाच आवाज दोनदा ऐकू येतोय, पाठोपाठ, अशी तक्रार आली तर अर्थिंगकडं जाऊच नका. मिक्सरवर लूपबॅक चालू राहिलंय. काही मिक्सरवर त्याला स्विच असतो. यामाहाच्या एजी-०३ वर तीन जागांचा आहे, त्यातली एक लूपबॅक. लॅपटॉपमधला आवाज परत लाइव्हमध्ये पाठवायचा नसेल तर तो मधल्या, इनपुट मिक्सच्या जागेवर ठेवायचा. आणि आपलंच लाइव्ह दुसऱ्या टॅबमध्ये बघत बसायचं नाही. बघायचंच तर दुसऱ्या फोनवर, आवाज बंद करून.

आता आमच्या पिशवीत मिक्सरसोबत कायमच्या वस्तू आहेत. पाच भोकांचा एक बोर्ड, बॅलन्स्ड वायर, एक चांगल्या गाभ्याचा आयसोलेटर, टेस्टर आणि पॉवर बँक. नव्या जागी गेलं की पहिलं काम होल्डर शोधणं, दुसरं हेडफोन, तिसरं ट्यूनर. तानपुरा त्यानंतर गवसणीतून निघतो.

गेल्या गुरुवारी चार्जर लावलेला होता, बोर्ड एकच होता, ट्यूनरचा काटा कुठंच उभा राहत नव्हता. बुवांनी पहिलाच अभंग अर्ध्यावर थांबवला. "पंचम उतरलाय."

मी म्हटलं, नाही हो बुवा, आता नाही. चार्जर उपटून दाखवला. ते काही न बोलता तानपुऱ्याकडं बघत राहिले. दिवसभर पाऊस होता, सोप्यात दमट हवा, आणि पहिली तार चांगलीच सैल झाली होती. मी खुंटी पिळली.